गोळी चुकते ती कां?

लातूर जिल्ह्याच्या ईशान्य अंगाला, नांदेड जिल्ह्याची हद्द जेथें लागते तेथें, बालाघाटच्या डोंगराळ माळावर जळकोट हें तालुक्याचें गांव आहे. जमीन बरीचशी हलकी, पाऊस बेभरंवशाचा, आणि आसपास वाड्या-तांडे पुष्कळ. अशा गांवांतील एखाद्या घरीं रविवारीं सकाळीं पुण्याहून मुलाचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अप्पा, साखर किती आली?" अप्पा आंकडा सांगतात. दुसरा प्रश्नहि ठरलेलाच, "गोळ्या वेळेवर घेतां ना?" अप्पा म्हणतात, "घेतों कीं रे." फोन बंद होतो आणि दोन्ही बाजूंचें समाधान होतें. पण महिन्याच्या अखेरीस कोनाड्यांतल्या पट्ट्या कोणी मोजून पाहिल्या, तर आठ-दहा गोळ्या शिल्लक निघतात. म्हातारा खोटें बोलला असें म्हणवत नाहीं, आणि मुलगा बेफिकीर आहे असेंहि नाहीं. गोळी चुकली आहे, एवढें मात्र खरें.

ही गोष्ट एकट्या जळकोटची नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २००३ सालीं दीर्घ मुदतीच्या आजारांवरील उपचारांसंबंधानें एक अहवाल प्रसिद्ध केला. संपन्न देशांतसुद्धां अशा आजारांचे रोगी सरासरीनें निम्मेच आपले उपचार नीट पाळतात, आणि गरीब देशांत हें प्रमाण त्याहूनहि खालीं जातें, असें त्यांत नमूद आहे. ही संख्या ऐकून पुष्कळ डॉक्टर रोग्यांना दोष देतात, आणि घरचीं माणसें म्हाताऱ्यांना हट्टी ठरवितात. वर्गांतील एकदोन मुलें नापास झालीं तर त्यांचे कान उपटावे. परंतु अर्धा वर्ग नापास झाला तर शिकविणारानें आणि प्रश्नपत्रिका काढणारानें आपल्याकडे पाहावें, असा शाळांतील जुना दंडक आहे. तो दवाखान्यालाहि लागूं पडण्यास हरकत नसावी. साठी-सत्तरीच्या माणसाची गोळी चुकते, तिच्यामागें बहुतेक वेळां कांहीं तरी कारण असतें, तें कारण त्याच्या दृष्टीनें शहाणपणाचें असतें, आणि तें त्याला कोणी विचारलेलें नसतें.

मधुमेह हा बसून खाणाऱ्या श्रीमंतांचा रोग, ही समजूत अजून खेड्यांतून गेलेली नाहीं. जुन्या वैद्यकग्रंथांनीं या रोगाचा संबंध आरामशीर राहणीशीं व गोड-स्निग्ध खाण्याशीं जोडला तो बरोबरच आहे. सुश्रुतसंहितेंत कृश रोग्याचाहि निर्देश आहे. पण लोकांच्या ध्यानांत राहिला तो लठ्ठ रोगीच. त्यामुळें जन्मभर औत हांकलेल्या, अंगावर मांस नसलेल्या शेतकऱ्याला डॉक्टरनें मधुमेह सांगितला कीं त्याला पहिली शंका येते ती डॉक्टरच्या ज्ञानाविषयीं. "मला कशानें होईल? मीं काय खाल्लें आहे?" असें तो विचारतो. या प्रश्नाचें उत्तर पुण्यांतच शोधलें गेलें आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांचीं मुलें यांचा अभ्यास केला. आपल्याकडचीं मुलें जन्मतः वजनानें कमी भरतात, परंतु त्यांच्या अंगांत स्नायूंच्या मानानें चरबी अधिक असते, असें त्यांत दिसून आलें. पुढें २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत याज्ञिकांनीं आपलें व जॉन युडकिन या आपल्या इंग्रज सहकाऱ्याचें छायाचित्र छापलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें, दोघांचाहि निर्देशांक २२.३, पण इंग्रजाच्या अंगांत चरबी शेंकडा ९.१ आणि आपल्या माणसाच्या अंगांत २१.२. बारीक दिसणारा माणूस आंतून बारीक असतोच असें नाहीं, हें त्या एका चित्रानें पटतें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणींत देशांतील मधुमेह्यांची संख्या दहा कोटी दहा लक्ष धरली आहे. शहरांतील प्रौढांत प्रमाण शेंकडा १६.४, तर खेड्यांत ८.९ आढळलें. खेड्यांतला आंकडा लहान दिसतो, पण खेड्यांतलीं माणसें किती आहेत हें लक्षांत घेतलें म्हणजे तो लहान राहत नाहीं.

आतां गोळीकडे वळावें. या रोगाचा मोठा अवगुण असा कीं तो दुखत नाहीं. दाढ दुखली तर माणूस अपरात्रीं उठून लवंग शोधतो. रक्तांत साखर दुप्पट झाली तरी सकाळीं उठून तो बैलांना वैरण टाकतो, दुपारीं जेवतो, पारावर बसतो. डोळ्यांच्या पडद्यावर, मूत्रपिंडांवर आणि पायांच्या मज्जातंतूंवर जें घडत असतें तें मूकपणें घडतें, आणि त्याला दहा-पंधरा वर्षें लागतात. गोळी घेतली म्हणून बरें वाटत नाहीं, न घेतली म्हणून वाईट वाटत नाहीं. मग ती चुकली तर नवल काय? अशांत एखाद्या महिन्यांत तपासणी चांगली येते. "साखर नॉर्मल आली" म्हणून आनंदानें गोळ्या बंद होतात. छत्रीखालीं अंग कोरडें राहिलें, यावरून पाऊस थांबला असें समजून छत्री मिटण्यासारखाच हा प्रकार. परंतु अंग कोरडें कां राहिलें हें त्याला कोणी समजावून सांगितलेलें नसतें.

शिवाय गोळी एक नसते. साखरेच्या दोन किंवा तीन, रक्तदाबाची एक, चरबीची एक, रक्त पातळ राहण्याची एक, गुडघ्यांची कोणी दिलेली निराळी. असा सहा-सात गोळ्यांचा संसार प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधून ठेवलेला असतो. पट्टीवरचीं अक्षरें इंग्रजी आणि मुंगीएवढीं. मोतीबिंदू आलेला माणूस तीं वाचीत नाहीं. तो रंग ओळखतो. "पिवळी सकाळची, पांढरी लांबट रात्रीची" असा त्याचा हिशेब असतो, आणि तो हिशेब चांगला चालतो. एके दिवशीं दुकानदाराजवळ त्या कंपनीची गोळी नसते. तेंच औषध, तितक्याच मात्रेचें, पण दुसऱ्या कंपनीचें तो देतो. ही गोळी गुलाबी निघते. म्हातारा समजतो, नवीन औषध सुरू झालें. घरीं पिवळी पट्टी अर्धी उरलेली असते. तो पिवळीहि घेतो आणि गुलाबीहि घेतो. किंवा, गुलाबी आपली नव्हे म्हणून कांहींच घेत नाहीं. दोन्हीं चुका एकाच प्रामाणिकपणांतून होतात. यावर उपाय साधा आहे: पट्टी घरीं आणली कीं नातवंडानें तिच्या पाठीवर ठळक शाईनें सकाळच्या गोळीस सूर्य आणि रात्रीच्या गोळीस चंद्र काढावा, आणि जुनी पट्टी संपल्याखेरीज नवी कोनाड्यांत ठेवूं नये. सात दिवसांचे सात कप्पे असलेला डबा मिळतो, तो त्याहून चांगला, कारण मंगळवारचा कप्पा रिकामा आहे कीं भरलेला, हें पाहून घेतली कीं नाहीं हा संशय मिटतो. सत्तरीच्या पुढें हा संशय रोजचा असतो.

पैशाची अडचण बोलून दाखविली जात नाहीं. सरकारी दवाखान्यांत गोळ्या फुकट मिळतात. ज्या वेळीं तेथें त्या संपलेल्या असतात, त्या वेळीं बाहेरून घ्याव्या लागतात. पेरणीच्या दिवसांत बियाणें आधीं आणि गोळ्या मागाहून, हा क्रम घरांत कोणी ठरवीत नाहीं, तो आपोआप ठरतो. मग म्हातारा स्वतःच एक दिवसाआड गोळी घेऊं लागतो. पंधरा दिवसांच्या गोळ्या महिनाभर पुरवितो. हा काटकसरीचा गुण आहे आणि जन्मभर त्यानें त्याच गुणावर घर चालविलें आहे. मूळ नांवाच्या स्वस्त गोळ्या जनऔषधी दुकानांतून मिळतात, परंतु स्वस्त म्हणजे निकृष्ट ही शंका तेथें आड येते. ती डॉक्टरनें एकदां आपल्या तोंडानें दूर केली तर पुष्कळ काम होतें.

कांहीं कारणें सांगण्यास लाज वाटते. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची सर्वांत प्रचलित गोळी. फ्रेंच वैद्य झां स्टर्न यांनीं १९५७ सालीं तिचा मधुमेह्यांवरील उपयोग प्रसिद्ध केला, आणि आजहि पहिली गोळी म्हणून बहुधा तीच दिली जाते. ती कांहींचें पोट बिघडविते. उदगीरला किंवा लातूरला एस. टी. नें जावयाचें असलें कीं म्हातारीं माणसें त्या दिवशीं ही गोळी टाळतात. रक्तदाबाच्या ज्या गोळीनें लघवी होते तीहि टाळतात. गाडी मध्यें थांबत नाहीं, आणि थांबली तरी स्त्रियांनीं जावें कोठें? डॉक्टरला हें सांगितलें तर तो गोळी जेवणानंतर घ्यावयास सांगेल, मात्रा हळूहळू वाढवील, किंवा हळूहळू विरघळणारी गोळी देईल. तिघांपैकीं एक उपाय बहुधा लागू पडतो. परंतु दवाखान्यांत पाळी येते ती पांच मिनिटांची, आणि त्या पांच मिनिटांत सूनबाई किंवा परका मनुष्य जवळ उभा असतांना आजीबाई पोटाचें बोलत नाहींत.

पथ्याचें बोलावयाचें तर महाराष्ट्रांत एक मोठें उदाहरण डोळ्यांपुढें येतें. लोकमान्य टिळकांना मधुमेह होता. १९०८ च्या २२ जुलैला त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशीं त्यांना बावन्न वर्षें पूर्ण झालीं. मंडालेच्या तुरुंगांत त्यांनीं मधुमेहासाठीं आहार बांधून घेतला. त्यांत जवाच्या पिठाचें स्थान मोठें होतें. स्वयंपाकासाठीं त्यांना एक कैदी दिलेला होता. त्या काळीं या रोगावर गुणकारी असें औषधच नव्हतें, पथ्य हेंच काय तें औषध. अशा स्थितींत त्यांनीं तेथें 'गीतारहस्य' लिहिलें आणि जून १९१४ मध्यें ते पुण्यास परत आले. १ ऑगस्ट १९२० रोजीं मुंबईस त्यांचें निधन झालें. त्यानंतर वर्षभरांत टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांचें इन्सुलिनवरील काम सुरू झालें, आणि ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलास तें प्रथम टोंचलें गेलें.

टिळकांचा मनोनिग्रह असामान्य होता यांत शंका नाहीं, आणि घरोघरीं म्हाताऱ्यांपुढें तो दाखला ठेवलाहि जातो. परंतु दाखला देणारानें एक गोष्ट विसरूं नये. मंडालेंत चूल एका माणसासाठीं पेटत होती. तेथें बारसें नव्हतें, पंगत नव्हती, शेजारणीनें आणलेला प्रसाद नव्हता. जळकोटच्या घरांत चूल सात माणसांसाठीं पेटते. सून पहांटे उठून भाकरी थापते, मुलांच्या डब्यांत कांहीं तरी गोड घालते, आणि शेतावर जाण्याची घाई असते. सासऱ्यासाठीं निराळी भाजी कर म्हणणें सोपें. निराळी भाजी रोज करणें तिच्या जिवावर येतें. आणि म्हाताऱ्यालाहि तें आवडत नाहीं. आपलें ताट निराळें झालें म्हणजे आपण घरांतून अर्धे उठलों, असें त्याला वाटतें. म्हणून जे आहारतज्ज्ञ छापील तक्ता देऊन मोकळे होतात, त्यांचा तक्ता भिंतीवर राहतो. ताट निराळें करण्यापेक्षां सगळ्या घराचेंच ताट थोडें बदलावें: भात कमी, वरण घट्ट, अंबाडीची किंवा मेथीची भाजी दुप्पट, मटकी-हरभऱ्याची उसळ आठवड्यांतून चार वेळां. त्यानें घरांतल्या चाळिशीच्या मुलाचेंहि कल्याणच होईल, कारण बापाला मधुमेह असला म्हणजे मुलाला तो होण्याचा संभव अधिक असतो.

येथें दोन समजुतींचा उल्लेख केलाच पाहिजे. ज्वारीची भाकरी चांगली. पण चांगली म्हणून तीन खाव्या असें नाहीं, तिच्यांतहि पिष्ट आहेच. आणि साखर सोडून गूळ धरला म्हणजे पथ्य झालें, ही तर शुद्ध फसवणूक आहे. गूळ आणि साखर रक्तांत गेल्यावर भाऊबंदच. कारल्याचा रस, मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड हीं ज्यास रुचतील त्यानें खुशाल घ्यावीं, मात्र गोळी बंद करून घेऊं नयेत. गांवांत मोठा शत्रु निराळाच आहे, तो म्हणजे चहा. चार घरीं बसावयास गेलें कीं चार ठिकाणीं चहा, प्रत्येकांत दोन चमचे साखर, आणि नको म्हटलें तर यजमानाचा अपमान. पारावरच्या मंडळींत एकदां उघडपणें "माझा बिनसाखरेचा" असें सांगून टाकलें म्हणजे आठ दिवस थट्टा होते आणि नंतर तोच नियम होतो.

आतां जें सांगावयाचें आहे तें सर्वांत महत्त्वाचें. साखर वाढणें हें वर्षांचें संकट आहे. साखर एकाएकीं उतरणें हें घटकाभराचें. रक्तांतील साखर ७० मिलिग्रॅमच्या खालीं गेली म्हणजे घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, भूक लागते. म्हातारपणीं हीं लक्षणें पुष्कळदां दिसतच नाहींत. माणूस नुसता गोंधळतो, भलतेंच बोलतो, चालतांना झोंक जातो, पडतो; आणि घरचीं माणसें म्हणतात, "अप्पांना आतां वयामुळें भ्रम होऊं लागला." ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या जातीच्या गोळ्या जेवणाची वाट पाहत नाहींत, पोटांत अन्न असो वा नसो, त्या साखर उतरवितात. वयाबरोबर मूत्रपिंडांचें काम मंदावतें, तेव्हां हें औषध अंगांत अधिक वेळ रेंगाळतें. आणि आपल्याकडे तर एकादशी आहे, चतुर्थी आहे, श्रावणी सोमवार आहेत. उदगीर-जळकोटकडच्या मुसलमान घरांत रमजानचे रोजे आहेत. गोळी घेऊन उपास करणारी आजी दुपारीं देवघरासमोर कोसळते. शुद्धीवर आल्यावर ती जें अनुमान काढते तें चुकीचें म्हणतां येत नाहीं: गोळी घेतली म्हणून असें झालें. त्या दिवसापासून ती गोळी तिच्या पदराखालीं जाते आणि मोरींत पडते. घरांत कोणाला पत्ता नसतो. डॉक्टर पुढच्या वेळीं साखर वाढलेली पाहतो आणि मात्रा आणखी वाढवून देतो. सून आतां समोर उभी राहून गोळी घ्यावयास लावते, तेव्हां ती वाढलेली मात्रा खरोखरीच पोटांत जाते. या साखळींत कोणीहि वाईट हेतूनें वागलें नाहीं, आणि तरी तिचा शेवट कधीं कधीं मोडलेल्या खुब्यांत किंवा त्याहून वाईट होतो.

उपास सोडा असें सांगून भागत नाहीं. साठ वर्षें पाळलेली एकादशी डॉक्टरच्या चिठ्ठीनें सुटत नाहीं. ती चोरून पाळली जाते, एवढेंच. उपासाच्या किंवा रोज्याच्या दिवशीं कोणती गोळी घ्यावी, कोणती टाळावी, कोणती संध्याकाळीं न्यावी, हें अगोदर विचारून ठेवतां येतें, आणि विचारलें तर बहुतेक डॉक्टर आनंदानें सांगतात. कांहींना उपास खरोखरच धोक्याचा असतो, विशेषतः इन्सुलिन घेणारांना. त्यांना तसें स्पष्ट सांगावें. साखर उतरलीच तर शुद्धीवर असलेल्या माणसास तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यांत घालून पाजावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हां पाहावें, आणि बरें वाटल्यावर कांहीं खावयास द्यावें. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहींहि घालूं नये. तडक दवाखाना गांठावा.

मुलगा फोनवर जो आंकडा विचारतो, त्याचेंहि एक गुपित आहे. साखर जितकी खालीं तितकें चांगलें, असें पूर्वीं डॉक्टरांनाहि वाटत असे. अमेरिका व कॅनडा येथें दहा हजारांहून अधिक रोग्यांवर, ज्यांचें सरासरी वय बासष्ट होतें आणि ज्यांना हृदयविकाराचा धोका अधिक होता, एक मोठा प्रयोग चालला होता. त्यांतील अर्ध्यांची साखर औषधें वाढवून निरोगी माणसाच्या पातळीवर आणण्याचा यत्न झाला. २००८ सालीं तो भाग मुदतीपूर्वींच थांबवावा लागला, कारण त्या गटांत मृत्यु अधिक होऊं लागले. तेव्हांपासून तज्ज्ञांची भाषा बदलली. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एच-बी-ए-वन-सी नांवाची जी तपासणी आहे, ती धडधाकट वृद्धाची सात-साडेसातच्या आसपास असावी. अनेक आजार असलेल्या किंवा स्मरण कमी झालेल्या माणसाची आठपर्यंत असली तरी चालेल, असें आतां सांगितलें जातें. ऐंशी वर्षांच्या आईची साखर तरण्या माणसासारखी यावी हा आग्रह मायेपोटीं असला तरी घातकच. तिच्या वयाला कोणता आंकडा पुरेसा आहे, हें मुलानें एकदां डॉक्टरलाच विचारून घ्यावें. पुष्कळदां या विचारण्यानें एखादी गोळी कमी होते, आणि उरलेल्या चुकत नाहींत.

पायांविषयीं थोडेंसें. वेल्लोर येथें महारोग्यांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनीं एक गोष्ट हेरली: महारोग्यांच्या हातापायांच्या जखमा बऱ्याच अंशीं वेदना न जाणवल्यामुळें होतात. पुढें अमेरिकेंत त्यांनीं हेंच ज्ञान मधुमेह्यांच्या पायांना लागू केलें. खडा टोंचला तर आपण पाय उचलतों; ज्याचे मज्जातंतू बधिर झाले तो त्याच खड्यावर दिवसभर चालतो. अनवाणी शेतांत जाणें, दिंडींत अनवाणी चालणें, थंडींत पाय शेकोटीशीं धरणें, यांतून जखम होते आणि दुखत नाहीं म्हणून आठ दिवस लपते. रात्रीं निजण्यापूर्वीं नातवंडानें आजोबांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्या. आजोबांना स्वतः वाकून दिसत नाहीं. मऊ तळाची, मागें पट्टा असलेली चप्पल हें या रोगांत औषधच समजावें.

इन्सुलिन सांगितलें कीं "आतां शेवट आला" असें घरांत वातावरण पसरतें. टोंचणीची भीति असते त्याहून त्या शब्दाची अधिक. वास्तविक स्वादुपिंड वर्षानुवर्षें थकत जातें आणि एक वेळ अशी येते कीं गोळ्या पुरत नाहींत, त्यांत शिक्षा कसली? खरा धोका दोन ठिकाणीं आहे. आपल्या देशांत एका मिलिलिटरमध्यें चाळीस मात्रा असलेल्या आणि शंभर मात्रा असलेल्या, अशा दोन्ही तऱ्हेच्या इन्सुलिनच्या कुप्या मिळतात, आणि त्यांच्या पिचकाऱ्याहि निरनिराळ्या. चाळीसची टोपी लाल, शंभरची नारिंगी. शंभरच्या कुपीसाठीं चाळीसची पिचकारी वापरली तर अडीचपट औषध अंगांत जातें. कुपी आणि पिचकारी यांवरचा आंकडा जुळतो कीं नाहीं हें डोळस माणसानें पाहावें. दुसरा धोका उन्हाळ्याचा. न उघडलेली कुपी दोन ते आठ अंशांत ठेवावयाची असते, वापरांतली साधारण चार आठवडे पंचवीस-तीस अंशांच्या आंत. मे महिन्यांत लातूरकडे पारा चाळिसाच्या वर जातो आणि वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं. अशा वेळीं घरचा माठ कामास येतो: मोठ्या मडक्यांत ओली वाळू, तींत लहान मडकें, आणि त्यांत घट्ट झांकणाच्या डबींत वापरांतली कुपी. पाणी मातींतून पाझरून उडून जातें आणि आंतली हवा कित्येक अंश थंड राहते. बर्फांत मात्र कुपी कधीं ठेवूं नये. गोठलेलें इन्सुलिन निरुपयोगी होतें.

दिवाळीच्या आसपास या भागांतून पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीस निघून जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. मागें राहतात म्हातारीं आणि कांहीं नातवंडें. जीं कुटुंबें ऊसतोडीस जात नाहींत त्यांचीं मुलें शिकून शहरांत गेलेलीं. घर मोकळें झालें कीं म्हातारी एकटीसाठीं चूल पेटवीत नाहीं. सकाळची भाकरी संध्याकाळीं खाते, कधीं नुसता चहा पिऊन निजते. जेवणच नाहीं तर जेवणानंतरची गोळी कशी व्हावी? रात्रीं चार वेळां उठावें लागतें म्हणून संध्याकाळपासून पाणी बंद. तळपाय आगीसारखे जळतात म्हणून झोंप नाहीं. ही उदासीनता मधुमेह्यांत अधिक आढळते आणि तिच्यावरहि उपचार आहेत. परंतु "म्हातारपण म्हटलें कीं असें व्हायचेंच" या वाक्याखालीं ती झांकली जाते. दारावर येणाऱ्या आशाताई साखर तपासून जातात हें चांगलेंच आहे, त्यांनीं कोनाड्यांतली पट्टीहि न रागावतां मोजली, आणि "रात्रीं काय जेवलांत?" एवढें विचारलें, तर यंत्राला न कळणारें पुष्कळ कळेल.

मार्गशीर्षांतल्या अमावास्येला या भागांत वेळा अमावास्या असते. लोक तिला येळवस म्हणतात. गांव ओस पडतें आणि सगळीं माणसें शेतांत जातात. कडब्याची कोप उभी करतात, पांडवांची पूजा होते, आणि मग भज्जी, उंडे, आंबील, खीर यांचें जेवण. ज्या घरीं कोणाला मधुमेह आहे, तेथें आदल्या रात्रीं हलक्या आवाजांत ठरतें, "अप्पांना घरींच ठेवूं, तिथं सगळं खाण्याचंच असतं." अप्पा तें ऐकतात. त्या दिवशींची गोळी ते हमखास घेत नाहींत.

वास्तविक त्या पंगतींत अपथ्य असें फार थोडें. भज्जी म्हणजे तुरी-हरभऱ्याचे ओले दाणे, वाल, पालेभाजी आणि बेसन. उंडा एक घ्यावा, आंबील एक पेला, खीर दोन चमचे. सकाळची गोळी घेऊन, पायांत पट्ट्याची चप्पल घालून, खिशांत साखरेची पुडी टाकून अप्पा शेतापर्यंत हळूहळू चालत गेले तर त्यांना हवा असलेला व्यायामहि होतो. मग येत्या रविवारीं फोन आला म्हणजे सांगावयास आंकड्याखेरीज कांहीं तरी असतें: हरभरा कसा धरला आहे, तुरीवर अळी कितपत आहे, आणि सुनेनें खीर दोनच चमचे वाढली, ही थोडीशी तक्रार.